नशीब फिरलं ते इंटरव्हलच्या आधी की नंतर?

बॉबिन | शनिवार, रात्री ११.४०

परवा टीव्हीवर एक जुना हिंदी पिच्चर लागला होता. नायकाच्या शर्टाला ठिगळ, घरमालक दारात, आई खोकतेय, आणि पेपरात लॉटरीचा नंबर. पुढच्याच शॉटला पठ्ठ्या पांढरा सूट घालून बंगल्याच्या जिन्यावरून उतरतोय. मधे बँक नाही, फॉर्म नाही, पासपोर्ट साइझ फोटो काढायलासुद्धा कुठं गेला नाही. धाकटी विचारायला लागली, बाबा, असं खरंच होतं का? म्हटलं, होतं की. फक्त उलट्या दिशेनं जास्त वेळा होतं.

मग झोप लागेना म्हणून हा धागा.

मी सातवीत असेन. भागवत टॉकीजला तीनचा खेळ बघून मी आणि थोरला भाऊ चालत घरी आलो, तर आप्पा ओट्यावर बसून भाकरी खात होते. त्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी होती, म्हणजे त्या वेळी ते गिरणीत असायला हवे होते. समोर पितळी डबा उघडा, कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, शेंगाचटणी लावायची, सावकाश चावायचा. मला आधी खटकलं ते एवढंच की डबा घरात कसा काय उघडला. डबा गिरणीत खायचा असतो. गेटला टाळं लागलंय, नोटीस चिकटवलीय, हे आईनं रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला नाही. आईचं सगळं घड्याळ त्या भोंग्यावर, ती उठलीच नाही आणि आमची सकाळची शाळा बुडाली. शाळा बुडाली म्हणून मी खूश.

गल्लीत अजून म्हणतात, गिरणी बंद पडली त्या दिवशी आपलं नशीब फिरलं. मला आता तसं वाटत नाही. त्याआधी वर्षभर पगार तुकड्यातुकड्यानं येत होता, बदलीवाल्या, म्हणजे कायम नसलेल्या कामगारांना गेटवरूनच परत पाठवत होते, आणि घरी येताना आप्पांच्या केसांत कापूस कमी दिसायला लागला होता. इंटरव्हल कधीच होऊन गेला होता. आम्ही बाहेर भजी खात उभे होतो.

तर आपापले किस्से टाका. पडद्यावरचे चालतील, घरातले जास्त चालतील. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले असतील तर चहा माझ्याकडून.

उगाच_एक | शनिवार, रात्री ११.५८

सोलापूरकरानं धागा काढला, आयडी बॉबिन. आता बसा सगळे विणायला.

पार्कचौकी | रविवार, सकाळी ८.१५

पडद्यावरचं आणि घरातलं, दोन्ही एकाच माणसात बघायचं तर आपल्या शशिकला. जवळकरांची मुलगी, जन्म सोलापूरचा, १९३२. वडील कापडाचे बडे व्यापारी, मुलीला लहानपणापासून नाचगाण्याची हौस. मग वडिलांचं दिवाळं निघालं. बिऱ्हाड मुंबईला गेलं आणि या मुलीला लोकांच्या घरी कामं करायची वेळ आली. तिथून गायिका-नटी नूरजहाँची नजर पडली आणि १९४५ च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत बसायला मिळालं. त्याचे पंचवीस रुपये मिळाले, असं त्या सांगायच्या.

पिच्चरवाल्यानं इथं 'समाप्त' टाकलं असतं. पण १९४७ ला नूरजहाँच पाकिस्तानात गेल्या. डोक्यावर हात ठेवणारी बाईच गेली, मग पुन्हा स्टुडिओचे उंबरे. 'आरती' आणि 'गुमराह' येईपर्यंत १९६२-६३ उजाडलं. दोन्हीसाठी फिल्मफेअर मिळालं, तेही खाष्ट, कारस्थानी बायकांच्या भूमिकांसाठी. पुढं सगळं बाजूला ठेवून मदर तेरेसांकडं सेवेला गेल्या, पुन्हा परत आल्या. २००७ ला पद्मश्री, २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. यात इंटरव्हल नेमका कुठला, सांगा बघू.

आमची आजी त्यांना पडद्यावर बघून बोटं मोडायची आणि शेजारणीला लगेच सांगायची, "आपल्या सोलापूरचीच हाय हां पण ती."

हलगी | रविवार, सकाळी ९.०२

चहा तयार ठेवा, मी करमाळ्याकडचा.

केम गावात एक पोरगा हलगी वाजवत होता. नागराज मंजुळेंनी बघितला आणि तो 'फँड्री'चा जब्या झाला. सोमनाथ अवघडे. बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. मंजुळे स्वतः जेऊरचे. मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिच्चर आला आणि नंतर गर्दीमुळं तिला शाळेत जाणंच अवघड झालं, दहावी बाहेरून दिली पोरीनं.

लोक शंभर कोटींचं बोलतात. मला त्यातलं ते वाळकं झाड आठवतं. आमच्या लेखी ते सरपण होतं हो! पिच्चर आल्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या, त्या झाडाच्या फांदीवर बसून फोटो काढायला. झाडाचं नशीब फिरलं म्हणायचं का त्याला ताप झाला म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

खवचट_काका | रविवार, सकाळी १०.३०

जिल्ह्यात हलगी वाजवणारी पोरं किती असतील, हलगीराव? दिसलं एक.

आमच्या पुतण्यानं 'सैराट'नंतर तालीम धरली. आकाश ठोसर पैलवान होता ना, मग यालाही पैलवान व्हायचं होतं. केस मानेपर्यंत. पुण्यात खोली घेऊन ऑडिशनच्या रांगा लावल्या, चार वर्षांनी परत आला. आता मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे, बरं चाललंय, लग्न झालंय. त्याच्यावर कोण पिच्चर काढणार?

आमच्या काळात ऑडिशनच्या जागी आकडा होता. गंमत बघा, मटका हे मुळात कापसाच्या भावाचं पिल्लू. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडताना आणि बंद होतानाचे भाव मुंबईला तारेनं यायचे, त्यावर पैसे लागायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथले. १९६१ च्या सुमाराला ते भाव यायचे बंद झाले, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. म्हणजे गिरणीतला माणूस दिवसभर कापूस अंगावर घ्यायचा आणि संध्याकाळी पगारही कापसावरच लावायचा. मी स्वतः पोस्टमनच्या सायकलच्या नंबरावर आकडा लावलेला आहे. लागला नाही.

कडकभाकरी | रविवार, दुपारी १.४५

लागल्याची गोष्ट माझ्याकडे आहे.

माझी आत्या विड्या वळायची. दुपारी पाचजणी एका ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसायच्या. हातानं पानं कापायची, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा बांधायचा, आणि तोंडानं जगाचा पंचनामा. दर महिन्याला पाचजणी मिळून राज्य लॉटरीचं एक तिकीट घ्यायच्या. तिकीट आत्याच्या घरी सिद्धेश्वरांच्या फोटोमागं. एकदा खरंच लागलं. पहिलं बक्षीस नव्हे, पन्नास हजारांचं. तेव्हा ते खूप होतं.

आता पिच्चरमध्ये पांढरा सूट. इथं आठवडेच्या आठवडे भांडण. कारण तिकिटाच्या पाठीमागं नाव-पत्ता लिहून सही करायची, आणि जागा एकाच माणसाची. सही कुणी करायची? एकीचा नवरा पिणारा, तिच्या नावावर नको. दुसरीचा दीर पुढारी, नकोच नको. आत्याचं नाव निघालं तर चौघी म्हणाल्या, फोटो तुझ्या घरातला म्हणून तिकीट तुझं होतं काय? तिकीट कुणाकडं ठेवायचं यावरूनही संशय, म्हणून ते रोज दुपारी ओट्यावर यायचं, सगळ्यांनी बघायचं, मग परत फोटोमागं. शेवटी मुदत संपत आली तेव्हा आत्यानं सही केली आणि बाकीच्या चौघींना शाळेतल्या बाईंपुढं कोऱ्या कागदावर लिहून दिलं.

कापून-बिपून आलेल्या पैशांचे पाच वाटे झाले. आत्यानं घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला आणि दुसऱ्या दिवशी परत सूप घेऊन बसली. पण ओट्यावर तीनच जणी उरल्या होत्या. दोघी पुढं कधी बोलल्या नाहीत. आत्या म्हणायची, "पैसं आलं ते स्लॅबात गेलं. दोन मैत्रिणी कुठं गेल्या ते कळलं नाही."

करसल्लागार | रविवार, दुपारी २.२०

कडकभाकरी, सुंदर लिहिलंय. माझी रुक्ष भर: लॉटरीचं बक्षीस दहा हजारांवर असेल तर देतानाच ३० टक्के कापून घेतात. सेस धरून कर ३१.२ टक्के होतो. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही, खर्चाची वजावट नाही. मागच्या पन्नास तिकिटांचे पैसे गेले, तेही धरत नाहीत. नशिबाचा तिसरा हिस्सा आधी सरकारचा.

जुना_पंतोजी | रविवार, दुपारी ४.१०

तिसरा हिस्सा म्हणजे स्वस्तात सुटलात. कालिदासाच्या कोळ्याचा अर्धा गेला होता.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीला हा प्रवेश आहे. शाळेत दुष्यंत-शकुंतलाच शिकवतात, हा गाळतात. मला तर सगळ्या नाटकात हाच आवडतो. शक्रावतारच्या कोळ्याला माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते. तो बिचारा ती विकायला बाजारात दाखवतो आणि पकडला जातो. दोन शिपाई मुसक्या बांधून त्याला मारत नेतात. एकाचे हात शिवशिवतायत, याला मारायच्या आधी गळ्यात फुलांची माळ घालावी लागते ना, ती कधी घालतो असं झालंय. एवढ्यात कोतवाल राजवाड्यातून परत येतो: सोडा याला, आणि अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस द्या.

शिपायाचं तोंड बघा आता. तो कोळ्याकडं असा बघतो की कोळी स्वतःहूनच म्हणतो, महाराज, यातलं अर्धं तुमच्या फुलांसाठी. झालं, लगेच मैत्री! सगळे मिळून दारूच्या गुत्त्यावर. दीड हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि नशीब उघडल्यावर पहिला खर्च पोलिसांवर.

पडद्यावरची लॉटरी खोटी वाटते ती यामुळंच, बॉबिन. त्यात शिपाई नसतो.

शिक्षक_माणूस | रविवार, संध्याकाळी ५.३०

शिपायाच्या धाकानं अर्धं देणारा कोळी झाला. न मागता देणारा आपल्या माढा तालुक्यात निघाला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले. डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात. नाव पुकारल्यावर त्यांनी तिथल्या तिथं अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी दोन तट पडले होते. एक म्हणे देवमाणूस, दुसरा म्हणे, "निदान घरी विचारायचं तरी." मी कुठल्या तटात होतो ते सांगणार नाही, बायको हा धागा वाचते.

सातरस्ता | रविवार, रात्री ८.४५

एवढे प्रतिसाद झाले आणि सुशीलकुमार शिंद्यांचं नाव नाही? इथल्याच कोर्टात शिपाई, मग फौजदार, मग करमाळ्यातून आमदार. २००२ च्या ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले आणि पाच महिन्यांत, जानेवारी २००३ ला, मुख्यमंत्री. २००४ ला ते मुख्यमंत्री असताना आघाडी जिंकली, तर मुख्यमंत्री झाले विलासराव आणि हे राज्यपाल म्हणून आंध्रात. हरल्यावर खुर्ची आणि जिंकल्यावर बदली. लेखकानं असं लिहिलं तर निर्माता हाकलून देईल.

खवचट_काका | रविवार, रात्री ८.५२

पुढचं २०१४ चं पण लिहा की मग.

संपादक | रविवार, रात्री ९.००

पक्षीय चर्चेला वेगळा विभाग आहे. इथे नशिबावरच बोला.

कांदापट्टी | रविवार, रात्री १०.१५

नशीब रोज सकाळी बघायचं असेल तर मार्केट यार्डात या, लिलावाला. डिसेंबर २०१९ मध्ये सोलापुरात कांद्याला क्विंटलला वीस हजारांपर्यंत भाव फुटला होता. किलोला दोनशे! आणि याच बाजारात फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा रुपया किलोनं गेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात दोन रुपये. त्याचा चेक निघाला, देशभर पेपरात फोटो आला.

आमच्या वडलांचं २०१९ चं ऐका. आमचा कांदा त्या उच्चांकाच्या दहा दिवस आधीच विकून झाला होता, तरी चांगली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आली होती. पण मेले तोवर ते "वीस हजार हुकले" असंच म्हणायचे. जे मिळाले ते कधी मोजलेच नाहीत. त्या पट्टीतनं माझी बोअर झाली, बहिणीचं लग्न झालं. पट्टी अजून आहे, पाकिटात घडी घालून ठेवलीय, शाई उडालीय.

बाराबंदी | सोमवार, सकाळी ७.५०

कांदापट्टी, गड्ड्याच्या यात्रेतली वासराची भाकणूक बघता का नाही? बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. होम मैदानावर होम झाला की रात्री वासराला आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. पुढ्यात धान्यं, गूळ, गाजर, विड्याची पानं असं काय काय मांडतात. ज्याला तोंड लावलं ते महागणार. मूत्र-शेण टाकलं तर पाऊसपाणी चांगलं. बिथरलं तर वर्ष बिथरलेलं.

लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून बघायचो. हजारो माणसं एका वासराच्या तोंडाकडं टक लावून, टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि त्या जिवाला आपल्यावर अख्ख्या जिल्ह्याची भिस्त आहे हे कुठं माहीत? ते आपलं दिव्यांकडं बघतंय. दुसऱ्या दिवशी किराणावाले आधीच भाव वाढवून बसतात ही गोष्ट वेगळी.

धोटा | सोमवार, दुपारी १२.३०

काय बे, सगळे चांगलं चांगलं लिहूलाले. आमचं पण घ्या.

आमचे ताता, म्हणजे आजोबा, तेलंगणातनं आले. एक हातमाग. नायना, म्हणजे आमचे वडील, त्यांनी चोवीस यंत्रमाग केले, सगळे चादरीचे, जॅकार्ड. कन्ना चौकात आमची चादर म्हटलं की भाव करत नव्हते. मग पानिपतची चादर सोलापूरच्याच नावानं बाजारात यायला लागली, निम्म्या किमतीत. लोकाला काय, रंग दिसतो, वजन कोण बघतंय. आम्ही टॉवेलवर आलो, मग निम्मे माग बंद, मग सगळेच.

भंगारवाला आला त्या दिवशी काय झालं सांगतो. माग किलोवर जातो. चालता माग घ्यायला नायनानं कर्ज काढलेलं, आणि हा आबा काटा लावून बसला. नायना आतनं बाहेर आले नाहीत. लोखंड गेलं. त्याला जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं नको होती, भोकाभोकांची, एकाला एक दोऱ्यानं ओवलेली. मोराचं डिझाइन होतं ते. भोकात मोर असतो हे कुणाला पटत नाही, पण लावा मागावर, निघतो. ती माळ मी माळ्यावर ठेवलीय. बायको दर दिवाळीला म्हणते रद्दीत घाला. काढूलालो नाही.

मी आता ऑफिसात आहे, पगार बरा आहे. रडूलालो नाही हां, विचारलं म्हणून सांगितलं.

उगाच_एक | सोमवार, दुपारी १२.५५

मी वर विणायला बसा म्हटलं होतं. माफ करा, धोटा.

धोटा | सोमवार, दुपारी १.०५

काय माफ बे. बसा की.

पार्कचौकी | सोमवार, रात्री ९.२०

गिरणीवरून आठवलं. भगवानदादा मूळचे गिरणी कामगाराच्या घरातले, स्वतःही गिरणीत राबलेले. १९५१ ला 'अलबेला' चालला आणि जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, सात गाड्या, वाराला एक. पुढचे पिच्चर पडले, सगळं विकून दादरच्या चाळीत परत. २००२ ला तिथंच गेले.

पण मला त्याहून राजा गोसावी आवडतात. १९५२ चा 'लाखाची गोष्ट', महिन्यात लाख रुपये उडवायचे अशी अट असलेला. त्यात हे नायक. आणि पुण्यात भानुविलासला पिच्चर लागला तेव्हा तिकीटखिडकीत तिकिटं फाडायलाही हेच, कारण नोकरी तिथंच! गिऱ्हाईक पडद्यावर त्याला लाख उडवताना बघून बाहेर येतंय आणि हा खिडकीत सुट्टे पैसे मोजतोय.

बॉबिन | मंगळवार, रात्री १२.१०

सगळ्यांचे आभार. हलगी आणि शिक्षक_माणूस, चहा बाकी आहे.

पार्कचौकींच्या तिकीटखिडकीवरून राहिलेलं लिहितो. गिरणी गेल्यावर आप्पांनी दोन वर्षं काय काय केलं, शेवटी एका टॉकीजमध्ये डोअरकीपर म्हणून लागले. खाकी शर्ट, हातात बॅटरी. आम्हा भावंडांची गल्लीत एकदम पत वाढली, पिच्चर फुकट! आप्पांना मात्र पिच्चरचा पहिला भाग कधी बघायला मिळाला नाही. उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्च्या दाखवायच्या, मग बाल्कनीतली भांडणं, मग इंटरव्हलची दारं. इंटरव्हलनंतर दार लावलं की स्टूल घेऊन बसायचे आणि शेवटपर्यंत बघायचे. एकेक पिच्चर चाळीस-पन्नास वेळा, अर्धा.

आता त्यांचं वय ८४. परवा तो लॉटरीचा पिच्चर लागला होता, तेव्हा आम्हाला वाटलं ते झोपलेत. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "आरं, हा आधी गरीब होता व्हय? मला वाटायचं, हा मूळचाच शेटजी."